राणीचं माप

"हिचे दोन्ही हात डावे आहेत," टाचणीकाकू म्हणाल्या.

मुलगा घडीच्या खुर्च्या उलगडून ओळीत लावत होता. त्यानं मान वळवून दाराकडे पाहिलं. "आई, हळू बोल की जरा. लोक आहेत."

"हळू बोलले तर त्यातला एक उजवा होणार आहे का?"

राणी सात फूट उंच होती. कलादालनाच्या समोरच्या भिंतीवर ती एकटी आणि बाकीच्या सहाजणी दोन्ही बाजूंना, तिच्या तैनातीला ठेवल्यासारख्या. एक सिंहावर बसलेली, एक पाताळात उतरणारी, एकीच्या केसांत चंद्र अडकवलेला, आणि एक तर चक्क नद्यांना जन्म देत होती. सगळ्या कागदाच्या. फाडलेल्या, कापलेल्या, एकावर एक डकवलेल्या कागदाच्या. मोठीच्या खाली छापील चिठ्ठी होती: 'कवचधारिणी'. एका हातात तलवार, दुसऱ्या हातात ढाल, आणि दोन्ही बाह्यांचा खोल मुंढा, म्हणजे खांद्याला जोडायची गोलाई, एकाच बाजूला. बाहीचा पुढचा मुंढा जास्त खोल कापायचा, म्हणजे हात पुढे घेता येतो, हे शिवणाच्या वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवतात. कागद उलटा केला की उजवी बाही निघते. पण उलटा केला तर कागदावरचं लिखाण दिसणार नाही, आणि सूनबाईला लिखाण दिसायला हवं होतं. म्हणून दोन्ही बाह्या सुलट्याच डकवल्या. झाली राणी तयार. आता ही बया तलवार उचलणार कशी, ते विचारायचं नाही. कारण ही कला आहे.

काकूंना टाचणीकाकू हे नाव पडून तीस वर्षं झाली होती. ओठांत सदा टाचण्या धरलेल्या, म्हणून. पुढे लोकांच्या लक्षात आलं की टाचण्या काढल्या तरी बाईंचं बोलणं टोचतंच, म्हणून नाव पक्कं झालं. बाजाराच्या मागच्या गल्लीत एका शटरचं दुकान, दुकानात एक मशीन, एक लांब टेबल आणि एक जाड पडदा. मशीनपेक्षा पडदा महत्त्वाचा. पडद्याआड जे अंग उघडं झालं ते पडद्याआडच राहिलं, असा त्या दुकानाचा कायदा होता. कुणाचा खांदा पडलेला, कुणाच्या पाठीवर वळ, कुणाचं लग्नाआधीच पोट सुटायला लागलेलं. काकू टेप लावायच्या, तोंडातल्या टाचण्यांमधून "हं" म्हणायच्या आणि खाकी कागदावर माप उतरवायच्या. तोंडात टाचण्या असलेल्या बाईनं कुणाची गोष्ट कुणाला सांगितली, असं कधी झालंच नाही.

दोन वर्षांपूर्वी डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि दुकान बंद झालं. खिळ्यांवर टांगलेली मापं तीन पोत्यांत भरून घरी आली. तेव्हा सूनबाईनं विचारलं होतं, "आई, हे कागद मी वापरू का? माझ्या राण्यांसाठी?" सूनबाई शाळेत चित्रकला शिकवायची आणि उरलेला वेळ राण्या करायची. काकू त्या दिवशी स्वतःवर, डोळ्यांवर, शटरवर, सगळ्या जगावर चिडलेल्या होत्या. "ने सगळं," त्या म्हणाल्या होत्या. "मेलेल्या मापांचं मी काय लोणचं घालू? राण्या कर नाहीतर पाणी तापव."

सहा महिने पुढच्या खोलीत कात्री चालल्याचा आवाज येत होता. कात्री कशी धरलीय ते काकूंना आवाजावरूनच कळायचं. वाईट धरलेली असायची. त्या खोलीत त्यांनी एकदाही पाऊल टाकलं नाही. शेजारणीनं विचारलं, "काय करते हो तुमची सून?" तर म्हणाल्या, "चिंध्या." मुलगा म्हणाला, "आई, एकदा बघ तरी," तर म्हणाल्या, "रोज आरशात बघते तेवढी राणी मला पुरे." आज त्या इथे आल्या होत्या त्याही मुलानं दोन दिवस तोंड पाडून ठेवलं म्हणून. उद्घाटन पाच वाजता. आता साडेतीन वाजले होते. खुर्च्या लावायला त्याला लवकर यायचं होतं, आणि आईला आणायला दुसरी फेरी मारावी लागू नये म्हणून त्यानं तिलाही आत्ताच स्कूटरवर घालून आणलं होतं.

हसायला म्हणून त्या जवळ गेल्या. डोळ्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते, आणि नवीन डोळ्यानं नको तेवढं स्वच्छ दिसत होतं. राणीचं कवच माशाच्या खवल्यांसारखं होतं, खाकी कागदाच्या शेकडो तुकड्यांचं, आणि तुकड्यातुकड्यावर त्यांचं स्वतःचं अक्षर. आकडे, बाण, अर्धवट शब्द. मांडीवर एक तुकडा: 'कंबर ३४ (सांगते ३०)'. कुणाची ते कापलं गेलं होतं. काकूंना आठवलं, आणि त्या खुदकन हसल्या. मुलानं चमकून पाहिलं. आईला चित्र आवडलं की काय, असं त्याला क्षणभर वाटलं बिचाऱ्याला.

मग त्यांची नजर छातीवर गेली, आणि हसू जिथल्या तिथे राहिलं.

बाकी सगळे तुकडे होते. छातीवरचे दोन कागद मात्र अख्खे होते. ब्लाऊजचे दोन पुढचे भाग, एक उजवा, एक डावा. सगळ्या बायकांचा पुढचा भाग एकच कापतात, दुसरा तोच उलटवून निघतो. दोन वेगळे कापायची वेळ क्वचित येते. काकूंनी आजवर अशी दोनच मापं कापली होती. डाव्या कागदावर निळ्या पेन्सिलीनं, ठळक, त्यांच्याच हातानं लिहिलेलं होतं: 'मोठ्या बाई. डावी रिकामी. कापूस, वर अस्तर, पाऊण वाटी.'

बरोबर डोळ्यांच्या उंचीवर. चिठ्ठीपेक्षा मोठ्या अक्षरात.

मोठ्या बाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी गावाच्या लेखी मोठ्या बाई त्याच. बावीस वर्षांपूर्वी एका दुपारी, दुकान जेवायला बंद असताना, त्यांनी शटरवर दोनदा टकटक केली होती. आत आल्या, स्वतःच पडदा ओढला, ब्लाऊजची बटणं काढली आणि खिडकीकडे बघत उभ्या राहिल्या. "सोमवारी शाळा उघडते," एवढंच म्हणाल्या. महिनाभर त्या दुसऱ्या शहरात होत्या. गावाला सांगितलं होतं पित्ताशयाचे खडे. घरी म्हाताऱ्या सासूला आणि दोन्ही मुलांना सांगितलं होतं तेच. नवरा आधीच गेलेला. काकूंनी टेप लावली. जखम ताजी होती, टेप थंड लागू नये म्हणून आधी तळहातात धरून गरम केली. सोमवारी मोठ्या बाई शाळेत गेल्या तेव्हा हजार पोरींपैकी एकीलाही काही कळलं नाही.

पुढे चौदा वर्षं, दर वर्षी दोन ब्लाऊज आणि एक कोट. कापसाच्या गुठळ्या होतात म्हणून नंतर मऊ लोकर. आणि एक गोष्ट तर मोठ्या बाईंनाही सांगावी लागली नव्हती: वयानं उजवी बाजू जशी खाली यायला लागली तशी काकू डावीही उतरवत नेत. दर दोन वर्षांनी पाव इंच. खोटीलाही खरीबरोबर म्हातारं करावं लागतं. हे कुठल्या शाळेत शिकवतात?

आणि आज पाच वाजता याच मोठ्या बाई प्रमुख पाहुण्या होत्या.

"अगंबाई, आई! आलात तुम्ही!" सूनबाई आतल्या खोलीतून आली. काळा पोशाख, केसांच्या गाठीत रंगाचा ब्रश खोचलेला. रंगाचा थेंब नाही सगळ्या कामात, पण ब्रश पाहिजे. हातात भाषणाचा कागद. चेहरा मात्र खरोखरच फुलला होता. "कशी वाटली?"

"हे काय आहे?" काकूंनी बोट दाखवलं.

सूनबाईनं आवाज खाली आणला, डोळे मोठे केले. "तेच तर! तोच तर सगळ्या चित्राचा गाभा आहे, आई. मी त्या पोत्यात ते माप पाहिलं ना, मला रडूच आलं. इतकी वर्षं ही बाई अशी उभी राहिली, कुणाला कळू न देता. हीच खरी राणी. बाकी सगळ्या पुराणातल्या, ही आपल्यातली. आज भाषणात मी शेवटी सांगणार आहे. बाईंना ठाऊक नाही. त्यांना किती भरून येईल!"

काकू तिच्याकडे बघत राहिल्या. एखाद्या मुलानं कौतुकानं घर पेटवून दाखवावं आणि टाळ्यांची वाट बघावी, तशी ती उभी होती.

"अक्कल गहाण ठेवलीस का गं?" त्या म्हणाल्या. "तिच्या पोटच्या पोरांना ठाऊक नाही ते तू माइकवरून सांगणार?"

"पण लपवायचं का? त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे?"

"लाजेचा काय संबंध? मी आंघोळ करते त्याची मला लाज नाही वाटत. म्हणून काय दार उघडं टाकून करते?"

"आई, तुम्हाला कळत नाहीये," सूनबाई म्हणाली. "बायकांनी सगळं लपवत लपवतच मरायचं का? कुणीतरी बोलायलाच हवं ना! जगाला कळायला हवं."

"जगाला काय कळायचं ते बाई सांगतील. तोंड आहे त्यांना. हजार पोरींना गप्प बसवणारं तोंड आहे. त्यांनी ते माझ्याकडे दिलं ते माप म्हणून दिलं होतं, झेंडा म्हणून नव्हे. म्हणे राणी! जिची राणी केलीस तिला विचारलंस का एकदा? का राण्यांना विचारायचं नसतं, नुसतं कापायचं आणि डकवायचं?"

सूनबाईनं भाषणाचा कागद छातीशी धरला. मग जे बोलली ते बरोबर वर्मी बसलं. "मला ही मापं तुम्हीच दिलीत, आई. 'ने सगळं' म्हणालात."

हे खरं होतं. यावर टाचणी नव्हती. चाळीस वर्षं जपलेला पडदा काकूंनी स्वतःच्या हातानं, एका दुपारच्या चिडचिडीपायी उचलून दिला होता, आणि वर तो कुठे टांगलाय हे बघायला सहा महिने मान वळवली नव्हती. एकदा, फक्त एकदा त्या खोलीत डोकावल्या असत्या तर. पण नाही. सुनेच्या चिंध्या बघायला आपला पाय कशाला विटाळायचा, हा तोरा.

"बरं," सूनबाई म्हणाली, "भाषणातून काढते मी ते. पण चित्राला हात लावायचा नाही. दीड महिना लागलाय मला त्या कवचाला. आणि एवढं जवळ जाऊन वाचतंय कोण?"

"ती वाचेल. चाळीस वर्षं पोरींच्या वह्यांतले काने-मात्रे शोधलेत तिनं."

तेवढ्यात कलादालनाचे अध्यक्ष माइकवर "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन" करायला लागले आणि त्यांनी सूनबाईला हाक मारली. अध्यक्षांच्या एका हातात माइक होता. चष्म्याचं घर, पाण्याची बाटली, फायली आणि शाल त्यांच्या बायकोच्या हातात होती. माइकच्या मागे कापडी फलक होता: 'स्त्री: शक्ती आणि सिंहासन'. सिंहासनाच्या खुर्च्या काकूंचा मुलगा लावत होता, म्हणून बाईमाणसाला निदान तेवढं तरी करावं लागलं नव्हतं.

"स्कूटर काढ," काकू मुलाला म्हणाल्या.

"कुठे? आत्ता? आई, अजून तीस खुर्च्या आहेत."

"लोक उभे राहतील. पाय आहेत त्यांना. चल."

घर दहा मिनिटांवर होतं. काकूंनी त्याला स्वयंपाकघरात पिठाची खळ करायला लावली. "ढवळत राहा. गुठळी झाली तर तुझ्या डोक्याला लावीन."

"आई, तिला काय सांगू मी?"

"सांग, आईला वेड लागलंय. तिला लगेच पटेल."

पोत्यांत बघण्यात अर्थ नव्हता. तिन्ही पोती रिकामी, घडी घालून ठेवलेली. पांढरा कागद चालला नसता, नवा खाकी तर मुळीच नाही. बावीस वर्षं जुन्या कागदावर लावायला तसाच पिकलेला कागद हवा. घरात तसा एकच होता. काकूंच्या कपाटाच्या दारामागे एका खिळ्याला त्यांचं स्वतःचं माप टांगलेलं होतं. पोत्यात ते कधी गेलंच नाही, कारण ते कधी दुकानात नव्हतं. पाठ, दोन बाह्या, गळपट्टी आणि दोन पुढचे भाग. होय, दोन. चाळीस वर्षं कात्री चालवून त्यांचा उजवा खांदा अर्धा इंच खाली आला होता, त्यामुळे त्यांचाही एक भाग दुसऱ्यावरून निघत नसे. दुकानातलं एक मोठ्या बाईंचं आणि हे एक, अशी ती दोन मापं. या कागदावर नाव नव्हतं. आकडा नव्हता. स्वतःचं माप लिहून कोण ठेवतं? त्यांनी डावा भाग खिळ्यावरून काढला. कोरा, पिकलेला, कडेला बोटांच्या घामानं काळवंडलेला.

परत आल्या तेव्हा साडेचार वाजून गेले होते. सूनबाई दारात पाहुण्यांची फुलं घेत होती. काकूंनी पिशवीतून कात्री काढली, ती खरी कात्री, नऊ इंची. राणीच्या छातीसमोर उभं राहून त्यांनी नजरेनंच माप घेतलं. मग कापायला लागल्या. मुंढ्याच्या वळणाशी एकदाही न थांबता कात्री एका दमात फिरली. खाली खवल्यांच्या ओळीशी जुळेल अशी कड काढली. मागून खळ फासली आणि वरून खाली, मधून बाहेर, अंगठ्याच्या नखानं घासत कागद बसवला. एक फुगा राहू दिला नाही. डावी बाजू उजवीच्या बरोबरीला आली. राणी पहिल्यांदाच कुणीतरी कपडे घातल्यासारखी दिसायला लागली.

"आई!"

सूनबाई मागे उभी होती. आवाज दबलेला, कारण खुर्च्यांवर माणसं बसायला लागली होती. "तुम्ही माझं चित्र फाडलंत."

"फाडलं नाही. वरून लावलंय. माझ्या कात्रीनं आजवर काही फाडलेलं नाही."

"सहा महिने एकदाही डोकावला नाहीत त्या खोलीत." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. "एकदाही विचारलं नाहीत, काय करतेस म्हणून. आज आलात ते हे करायला."

"चुकलं ते माझं," काकू म्हणाल्या. चाळीस वर्षांत हे वाक्य त्यांनी फक्त गिऱ्हाइकासमोर उच्चारलं होतं, तेही झगा आखूड झाला तर. "पण हे असंच राहील."

सूनबाईनं पाठ फिरवली आणि केसांतला ब्रश काढून पर्समध्ये टाकला.

मोठ्या बाई बरोबर पाच वाजता आल्या. एक मिनिट इकडे नाही, तिकडे नाही. राखाडी कोट, काकूंनी शिवलेला शेवटचा. पाठ अजून फळ्याच्या पट्टीसारखी सरळ. दारातली फीत कापायला अध्यक्षांनी तबकात एक चकचकीत कात्री पुढे केली, मुठीला सोनेरी दोरा बांधलेली. मोठ्या बाईंनी एकदा कापलं, दोनदा कापलं, फीत नुसती चावली गेली. लोक हसले. मोठ्या बाई हसल्या नाहीत. मागे न बघताच त्यांनी हात पसरला. "काकू, तुमची द्या."

काकूंनी पिशवीतून कात्री काढून दिली. फीत कापल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

मग अध्यक्ष बोलले. स्त्री ही आदिशक्ती आहे, स्त्री ही सम्राज्ञी आहे, स्त्रीच्या मुकुटाला समाजानं मान द्यायला हवा. मध्ये त्यांना ठसका लागला तेव्हा त्यांनी न बघता हात मागे केला, आणि आदिशक्तीनं त्यात पाण्याची बाटली ठेवली. असं किती वेळा होतं ते काकूंनी मोजायला सुरुवात केली होती, पण तिसऱ्या वेळेनंतर नाद सोडला.

सूनबाई शेवटी बोलली. पाताळात उतरलेल्या राणीबद्दल बोलली, सिंहावरच्या राणीबद्दल बोलली, बरंच लांब बोलली. मग कागदाच्या शेवटच्या परिच्छेदाशी येऊन थांबली. काकूंनी पिशवीचे बंद मुठीत आवळले. सूनबाईनं एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा मागच्या रांगेकडे, जिथे सासू उभी होती. "आणि ही कवचधारिणी," ती म्हणाली. "हिचं कवच ज्या कागदांचं आहे ते माझ्या सासूबाईंनी कापलेले आहेत. धन्यवाद." कागदाची घडी घातली आणि खाली बसली. टाळ्या पडल्या. काकूंनी वाजवल्या नाहीत, त्यांच्या हातात पिशवी होती.

चहा सुरू झाला तसे लोक राण्या विसरून बिस्किटांकडे वळले. मोठ्या बाई मात्र एकेका चित्रासमोर वही तपासावी तशा थांबत, एकेक चिठ्ठी वाचत कवचधारिणीशी आल्या. काकू शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. सूनबाईही आली, तोंडभर हसू, हात एकमेकांत अडकवलेले.

"हिचे दोन्ही हात डावे आहेत," मोठ्या बाई म्हणाल्या.

"ते मुद्दाम आहे, बाई," सूनबाई पटकन म्हणाली. "परंपरेला छेद देणारं."

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. या नजरेसमोर शाळेतल्या पोरी खोटी पोटदुखी परत घ्यायच्या. सूनबाई लाल झाली, आणि कुणीतरी हाक मारल्याचं निमित्त करून निघून गेली.

मोठ्या बाई पुढे वाकल्या. मांडीवरचे आकडे वाचले, पोटावरचे वाचले. 'सांगते ३०' पाशी त्यांचं नाक किंचित फुललं. मग छातीशी आल्या. उजव्या कागदाशी त्या थांबल्या. त्यावर फक्त आकडे होते, पण बावीस वर्षं स्वतःचे असलेले आकडे माणूस विसरत नाही. त्यांची नजर तिथून डाव्या बाजूवर सरकली. तिथला कागद कोरा होता, बाकीच्यापेक्षा गडद. त्यांनी एक बोट टेकवलं.

"ओलं आहे," त्या म्हणाल्या.

"आत्ताच लावलंय."

बोट तिथेच ठेवून त्यांनी विचारलं, "खाली काय आहे?"

"अस्तर," काकू म्हणाल्या.

मोठ्या बाई सरळ झाल्या. बोटाला लागलेली खळ त्यांनी रुमालाला पुसली, चारही बाजूंनी. चेहऱ्यावर काही नव्हतं. पण कोटाची डावी कड त्यांनी दोन बोटांत धरली, आणि धरूनच उभ्या राहिल्या.

"अस्तर वरून दिसू नये," त्या म्हणाल्या.

"नाही दिसत, बाई. मी बघितलंय."

"कागद कुणाचा आहे हा?"

"होता एक जुना. कुणाच्या कामाचा नव्हता."

मोठ्या बाईंनी त्या कोऱ्या कागदाचा मुंढा पाहिला, खांद्याची उतरण पाहिली. मग काकूंच्या खांद्याकडे पाहिलं. चहाचा कप नको म्हणून हातानंच खुणावलं आणि दाराकडे निघाल्या. दोन पावलं जाऊन थांबल्या. "कोट खांद्यात उतरलाय माझा. सोमवारी येते."

"दुकान बंद झालं, बाई. डोळेही पहिल्यासारखे राहिले नाहीत."

"मला दुकान कुठे हवंय," मोठ्या बाई म्हणाल्या. "पडदा असला म्हणजे झालं."

घरी परतायला सात वाजले. सूनबाई स्कूटरवर नवऱ्यामागे न बसता मैत्रिणीच्या गाडीतून आली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. भांडी आज जरा जास्तच वाजत होती. मुलगा दोन खोल्यांच्या मध्ये उभा राहून दोघींच्या तोंडाकडे बघत होता. टेबलावर 'कवचधारिणी'चं छापील कार्ड पडलं होतं. त्यात जुनीच राणी होती, पण फोटो बोटाएवढा होता, अक्षर लागत नव्हतं. काकूंनी ते भिंगाखाली धरून दोनदा खात्री केली, मग ठेवून दिलं.

खोलीत येऊन त्यांनी कात्री पुसली, तेलाचा थेंब सोडला, फडक्यात गुंडाळली. कापताना उरलेली पट्टी पिशवीच्या तळाशी होती, ती केरात टाकली. सोमवारी काय काय लागेल ते मनात जुळवलं: टेप, खडू, खाकी कागदाचा नवा ताव, खिडकीला पडदा. स्वतःच्या मापाचे उरलेले कागद पलंगावर पसरलेले होते. ते त्यांनी एकावर एक रचले, दोरा ओवला आणि कपाटाच्या दारामागे पुन्हा खिळ्याला टांगले. पाठ होती. दोन्ही बाह्या होत्या. गळपट्टी होती, उजवी बाजू होती.

डावी रिकामी.